एकही रकाना रिकामा नाही

सुपा,
२ फेब्रुवारी २०२५

चि. रश्मी,
जयभीम.

तुझं पाकीट मिळालं. फॉर्मवर सही केलेली नाही. तो या पत्रासोबत परत पाठवतो आहे.

तू चार वेळा फोन केलास, मी उचलला नाही. फोनवर बोलायला मला पहिल्यापासून जमत नाही. तुझी मावशी बोलायची आणि ठेवल्यावर मला दोन वाक्यांत सांगायची. आता पंकज बोलतो, पण तोही माझ्यासारखाच. म्हणून लिहितो. तूही लिहूनच कळव.

पुस्तिकेचा नमुना पाहिला. 'सांध्यांशी मैत्री' हे नाव कोणी सुचवलं? भागिरथीला सात वर्षं संधिवात होता. मैत्री हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही. नवव्या पानावर तिचा फोटो आहे, हातात पिवळा स्पंजचा चेंडू. बोटं चेंडूमागे झाकली जातील असा तो धरायला लावला होता. मी तिथेच उभा होतो. पुढच्या दोन पानांवर तिची वही छापली आहे, तिचे वर्षभराचे दुखण्याचे आकडे आणि तळाशी सपाट गेलेली निळी रेघ. वर लिहिलंय 'आदर्श वही'. हीच दोन पानं छापायला माझी परवानगी हवी आहे.

ती पानं बघून मला किळस आली. दुसरा शब्द सापडत नाही.

तुमचे मोठे डॉक्टर १२ जानेवारीला तिच्या पुण्यानुमोदनाला आले. वंदना झाली, लोक अजून मांडी घालून बसलेले, आणि त्यांनी माईक मागून घेतला. "आमच्या अभ्यासात अठ्ठेचाळीस रुग्ण होते. त्यांत भागिरथीबाईंची वही आदर्श. एकही रकाना रिकामा नाही. आज त्यांच्या यजमानांकडे ती वही मी समाजासाठी मागतो." मागे कोणीतरी टाळी वाजवली. सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून मी उठून कपाटातून वही आणली आणि दिली. त्यांनी ती घेतली, खिशातली सॅनिटायझरची बाटली काढून हात चोळले, आणि चहा न घेता गेले.

वही दिली. छापायला देणार नाही.

तुझा काका,
भीमराज

*

अहिल्यानगर,
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचून मन खूप खट्टू झालं. सरांनी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. मी शेवटच्या रांगेत होते आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. त्यांच्या वतीने मी माफी मागते.

फोटोबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. फोटो काढून टाकू. मावशीचं नावही नसेल, फक्त रुग्ण क्रमांक ३१. पण वहीबद्दल एकदा शांतपणे विचार करा.

हा अभ्यास औषधाचा नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे. संधिवात पूर्ण बरा होत नाही. तो घेऊन रोज जगायचं कसं, हे पाहायचं होतं. म्हणून रोज तीन रकाने. दुखणं शून्य ते दहापैकी किती, सकाळी सांधे किती मिनिटं आखडलेले राहिले, थकवा किती. सोबत व्यायाम, शेक आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. आमच्याकडे आलेल्या बहुतेक वह्या अर्ध्या कोऱ्या आहेत. एकीत तर बाईंनी दुधाचा हिशोब लिहिला आहे. मावशीची एकच वही पूर्ण आहे.

पुस्तिका ३१ मार्चच्या आत छपाईला जायची आहे. नंतर ती पारनेर आणि राहाता तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांत जाईल. नवीन रुग्णांना मावशीची पानं दाखवून सांगायचं, की अशी वही ठेवा, आम्ही तिच्यावरून गोळ्यांचं ठरवू. या बायकांना दुखणं सांगायची सवय नसते. मावशीने सांगितलं, ते त्यांना दिसायला हवं.

मावशीला या अभ्यासात मीच घेतलं. तुमची सही झाली तर तिचं काहीतरी मागे राहील. फॉर्म पुन्हा जोडते आहे.

तुमची,
रश्मी

*

सुपा,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. रश्मी,
जयभीम.

फोटो काढून काही होणार नाही.

तू लिहितेस की वहीवरून गोळ्यांचं ठरवतात. हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं की तपासून, रक्त बघून ठरवतात आणि वही नुसती तुमच्या कागदांसाठी असते. भागिरथीची रोजची बारीक गोळी ऑगस्टमध्ये अर्धी झाली आणि ऑक्टोबरात बंद झाली. ती कोणी बंद केली आणि कशावरून?

एवढंच कळव. मोघम लिहू नकोस.

भीमराज काका

*

अहिल्यानगर,
२४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

तुम्ही विचारलंत म्हणून कागद काढून बघून लिहिते आहे.

मावशीला दोन औषधं होती. आठवड्यातून एकदाची गोळी शेवटपर्यंत चालू होती. रोजची बारीक गोळी स्टेरॉइडची. ती फार काळ द्यायची नसते, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. म्हणून नियम असा होता की वहीतलं दुखणं सलग आठ आठवडे सरासरी तीनच्या खाली राहिलं तर ती हळूहळू कमी करायची. मोजणी जूनच्या तपासणीपासून सुरू झाली आणि मावशीची सरासरी २.३ होती. ऑगस्टमध्ये गोळी अर्धी केली. सप्टेंबरच्या तपासणीत सुजलेले सांधे सहा निघाले आणि रक्तातली सूजही थोडी वाढलेली होती. पण वहीत सकाळचा ताठरपणा दहा मिनिटं होता आणि मावशी स्वतः समोर बसून "बरं हाय" म्हणाली. तुम्ही शेजारीच होतात. सर म्हणाले, बाई स्वतःच सांगते आहे, तर आपण का अविश्वास दाखवायचा. ऑक्टोबरात गोळी बंद केली.

तुम्हाला सरांचा राग आला असेल तर मी समजू शकते. पण मावशीच्या जाण्याचा संबंध त्या गोळीशी थेट नाही. ती पोटातल्या रक्तस्रावाने गेली. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या तिने जवळजवळ दोन महिने उपाशीपोटी घेतल्या होत्या, असं हॉस्पिटलच्या कागदात आहे. त्या ती का घेत होती, हे मला कळत नाही.

सरांनी पुन्हा फॉर्मबद्दल विचारलं.

रश्मी

*

सुपा,
२३ मार्च २०२५

चि. रश्मी,
जयभीम.

महिनाभर लिहिलं नाही. रोज ड्युटीवर गेलो, आलो, जेवलो. पत्र लिहायला बसलो की उठायचो.

वही मी भरली आहे. पहिल्या पानापासून.

आमच्या कंपनीत रबरी सील होतात हे तुला माहीत आहे. प्रेसचं तापमान दर तासाला लॉगशीटवर लिहायचं असतं. खरं सांगतो, दर तासाला कोणी लिहीत नाही. शिफ्ट संपताना एकदम भरतात. आकडा मर्यादेबाहेर लिहिला तर लाइन थांबते आणि साहेब खाली येतो. म्हणून मर्यादेतला लिहायचा. सगळीकडे एकच आकडा लिहिला तर ऑडिटवाला पकडतो, म्हणून मधूनमधून एखादा वर घ्यायचा. सव्वीस वर्षं हे केलं. मला यात काही वाटत नाही. नव्हतं.

भागिरथीच्या बोटांत पेन राहत नव्हता. जानेवारीत वही आली तेव्हा पहिल्या रविवारी मी वही पुढ्यात घेऊन विचारलं, "किती लिहू?" ती म्हणाली, "लिवा तुमच्या मनानं." मी म्हटलं, "दोन लिहितो." ती "व्हय" म्हणाली. पुढे दर रविवारी सकाळी मी आठवड्याचे सात दिवस भरत गेलो. दोन, दोन, तीन, दोन. दिवाळीत एकदा चार लिहिलं, फराळाचं काम झालं असेल म्हणून. ताठरपणा दहा मिनिटं, कधी पंधरा. दहा का लिहिले ते मला सांगता येणार नाही. तो आकडा मर्यादेतला वाटला.

तुझं पत्र आल्यावर मी शेजारच्या राहीबाईंना विचारलं. त्या सांगायला तयार नव्हत्या, मग सांगायला लागल्यावर थांबेनात.

"वयनी साडेचारला उठून गरम पाण्यात हात घालून बसायच्या. तवा कुठं साडेपाचला तुमच्या डब्याच्या चपात्या लाटायला यायच्या. नळाची चावी फिरत न्हवती त्यांच्यानं. भितीवर चापट मारायच्या, मी यिऊन फिरवून द्यायचे."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

"तुमी ईचारलं व्हतं का? तुमी आकडा ईचारायचा. दहापैकी किती! माणसाला आसं ईचारत्यात व्हय भाऊजी, बाजारात वांग्याचा भाव केल्यागत?"

"ती दोन म्हणायची."

"त्या न्हाई म्हणायच्या. तुमी दोन म्हणायचा, त्या व्हय म्हणायच्या. मला सांगायच्या की, आज बी दोनच केलं मालकानी. आन हसायच्या."

ती हसायची, हे राहीबाईंनी मला तोंडावर सांगितलं.

दुकानातल्या गोळ्या राहीबाईच आणून द्यायच्या. दिवाळीनंतर सुरू झाल्या, म्हणजे तुमची गोळी बंद झाली त्यानंतर. हे सांगताना त्या रडायला लागल्या. मला क्षणभर त्यांचीसुद्धा शिसारी आली. मग वाटलं, सगळ्या वर्षात नळाची चावी त्यांनी फिरवली, मी नाही.

पुस्तिकेची पानं बघून मला किळस आली असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. तुला वाटलं फोटोची, नंतर वाटलं डॉक्टरांची. मीच तसं वाटू दिलं. शेवटच्या आठवड्याकडे नीट बघ. ३ आणि ४ जानेवारीला कंपनीत ऑडिट होतं, ५ तारखेचा रविवारही कामावर जाणार होता. म्हणून २९ डिसेंबरलाच पुढचा आठवडाही मी भरून टाकला. भागिरथी ३ जानेवारीला सकाळी गेली. वहीत ३ तारखेला दोन आहे. चारला तीन आहे. पाचला दोन. तुम्ही ते आकडे टाइप केले, रेघ काढली, तिला निळा रंग दिला, डॉक्टरांनी वाचलं, छापणाऱ्याने लावलं. एकाच्याही लक्षात आलं नाही की ४ आणि ५ तारखेला त्या बाईला दुखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र लिहायला पाहिजे. मागच्या मे महिन्यात ती लग्नासाठी तुमच्याकडे कोल्हारला तीन आठवडे होती आणि वही सोबत घेऊन गेली होती. ते एकवीस दिवस मी भरलेले नाहीत. कोल्हारहून ती थेट जूनमधल्या नगरच्या तपासणीला आली. तिथून घरी आल्यावर मी वही उघडली तर ते भरलेले होते, वाकड्यातिकड्या अक्षरात. तिने स्वतः लिहिले असणार. तेही दोन आणि तीनच होते, म्हणून मला वाटलं आपले आकडे बरोबर चालले आहेत. या महिनाभरात त्या तीन आठवड्यांचाच मला आधार आहे. निदान तेवढे दिवस तिला बरं होतं. छापायचेच असतील तर ते एकवीस दिवस छापा. बाकीचे खोटे आहेत.

भीमराज

*

अहिल्यानगर,
३० मार्च २०२५

काका,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं आहे.

ते एकवीस दिवस मी भरले.

मावशी कोल्हारला आमच्या घरी होती तेव्हा सकाळी अकरा-बारापर्यंत खाटेवरून उठत नव्हती. आईने मला फोनवर सांगितलं होतं, "तुझ्या मावशीच्या हातचा चहाचा कप दोनदा पडला. मांडवात ती हात पदराखाली घेऊन बसती." मी म्हटलं, लग्नाच्या दगदगीने असेल. जूनमध्ये मावशी तपासणीला आली तेव्हा ते रकाने कोरे होते. मी विचारलं तर म्हणाली, "तिथं कोन ईचारायला हुतं?" तुम्ही बाहेर औषधाच्या रांगेत होतात. मी तिला म्हटलं, आता आठवून सांग. ती म्हणाली, "तुझा काका लिवतो तसंच लिव." मी लिहिलं. तिचंच अक्षर वाटावं म्हणून डाव्या हाताने लिहिलं.

तुमचं अक्षर मी त्याच्याही आधी ओळखलं होतं. माझ्या दहावीच्या पुस्तकांवर नावं तुम्हीच घातली होती. सरांना मी मागच्या वर्षीच्या मार्चमध्येच सांगितलं की वही मावशी लिहीत नाही, तिचे यजमान लिहितात. ते म्हणाले, मदत करत असतील, रकाने भरलेत ना? तेवढंच विचारून ते पुढे गेले. मला बरं वाटलं. दर महिन्याच्या बैठकीत कोणाच्या रुग्णांच्या वह्या किती भरल्या ते फळ्यावर लिहितात. माझ्या नावापुढे मावशी होती.

मागच्या पत्रात मी लिहिलं की ती त्या गोळ्या का घेत होती ते मला कळत नाही. मला कळत होतं.

तारखांचं मला खरंच दिसलं नव्हतं. तुमचं पत्र वाचल्यावर संगणकावर उघडून पाहिलं. ४ जानेवारी, तीन. ते टाइप मीच केलेलं आहे, १५ तारखेला, मावशीच्या कार्यक्रमाहून आल्यानंतर तीन दिवसांनी.

छपाई दोन महिने पुढे गेली आहे. मी काय करू ते सांगा.

रश्मी

*

सुपा,
१५ एप्रिल २०२५

रश्मी,

काल जयंती होती. मिरवणुकीत गेलो नाही. पंकज येऊन म्हणाला, पप्पा, निदान विहारात चला. गेलो, मागे उभा राहिलो आणि परत आलो. लोक हात जोडत होते तर मला त्यांचे हात दिसत होते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला अन्नावर वासना राहिली नाही. खरं सांगतो, माझ्यापेक्षा तुझी जास्त किळस आली. मला निदान माहीत नव्हतं, असं मनात म्हणालो. दोन दिवस तेच धरून बसलो. मग तेही सुटलं. सकाळी साडेचारला माझ्या घरात बाई उठते, गॅसवर पाणी तापवते, भिंतीवर चापट मारते, आणि भिंतीच्या पलीकडच्या बाईला ऐकू येतं. मी त्याच खोलीत झोपलेला असतो. ऐकू आलंच नसेल असं मी शपथेवर म्हणू शकत नाही. आलं असेल. कूस बदलली असेल.

ते एकवीस दिवस तू डाव्या हाताने लिहिलेस. म्हणजे तिच्या स्वतःच्या हातचं त्या वहीत काहीच नाही. वर्षभराची वही, आणि त्यात तिचं एक अक्षर नाही.

दुसरं एक सांगतो. ३ तारखेला तिला पांढरं पातळ नेसवायच्या आधी राहीबाई तिच्या बांगड्या काढत होत्या. बांगडी सुजलेल्या सांध्यावरून निघेना. साबण लावला, तेल लावलं. शेवटी फोडली. मी दारात उभा राहून बघत होतो आणि माझ्या डोक्यात आलं, की आजचा आकडा आपण भरून ठेवलाय. रडू आलं नाही, हे आलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तू विचारतेस काय करू. तुमच्याकडे एक समिती असते, फॉर्मच्या मागच्या पानावर तिचा पत्ता आहे. रुग्णाला तक्रार असेल तर तिथे लिहा असं छापलंय. तिथे तू लिही. सगळं लिही, तुझे एकवीस दिवस धरून. सोबत माझा जबाब जोडतो आहे. दोन पानं आहेत, वर तारीख आहे, खाली सही आहे. अक्षर तू ओळखशीलच. तुझी नोकरी जाईल हे मला कळतं. तुझ्या आईला मी तोंड दाखवू शकणार नाही. पण पारनेरच्या कुठल्यातरी बाईपुढे ती पानं उघडून कोणी म्हणेल की अशी वही ठेवा, आम्ही हिच्यावरून गोळी बंद करू. तिचा नवरा ते वाचेल आणि त्याला समजेल की किती आकडा लिहायचा.

महिन्याच्या आत तू लिहिलं नाहीस तर मी लिहीन.

भीमराज

*

अहिल्यानगर,
२५ मे २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी समितीला लिहिलं. तुमचा जबाब जोडला. १४ मे रोजी मला बोलावलं. पाच जण होते, त्यांत एक वकील आणि एक शाळेतल्या बाई. बाईंनी तुमचा जबाब मोठ्याने वाचला. बांगडीचं त्यात नव्हतं, ते मी सांगितलं नाही.

सर चिडले नाहीत. ते म्हणाले, इतक्या लहान गावांत असं होणारच, हे धरून चालायला हवं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मग धरलं का नाही?

पुस्तिकेतली ती पानं काढली आहेत. छपाई थांबली आहे. उरलेल्या सत्तेचाळीस वह्या परत तपासायला घेतल्या. एकोणीस वह्यांत अक्षर रुग्णाचं नाही. बहुतेक नवऱ्यांचं आहे, काही मुलांचं, एक सुनेचं. अर्ध्या कोऱ्या म्हणून आम्ही ज्या बाजूला ठेवल्या होत्या, त्याच जास्त खऱ्या निघाल्या. दुधाचा हिशोब लिहिलेल्या बाईंनी दुखलं त्या दिवशी दूध घातलंच नव्हतं, ते रकान्यांवरून कळतं आहे.

माझा करार जूनअखेर संपतो, पुढे वाढवणार नाहीत. आईला मी सगळं सांगितलं. ती तुमच्याबद्दल काही बोलली नाही. माझ्याशी आठ दिवस बोलली नाही.

आता एकच बाब राहिली आहे. समितीचं म्हणणं होतं की रुग्ण क्रमांक ३१ अभ्यासातून वगळावा, म्हणजे अहवालात अठ्ठेचाळीसऐवजी सत्तेचाळीस रुग्ण दिसतील. मी म्हटलं, असं करू नका. तसं केलं तर मावशी तिथे कधी नव्हतीच असं होईल. बराच वेळ बोलणं झाल्यावर त्यांनी मान्य केलं. क्रमांक राहील आणि खाली एक ओळ येईल. ओळीचा मसुदा असा आहे:

'रुग्ण क्र. ३१ च्या दैनंदिन नोंदी रुग्णाने केलेल्या नसून काळजीवाहकाने व अंशतः अभ्यास समन्वयकाने केल्याचे निष्पन्न झाल्याने त्या ग्राह्य धरलेल्या नाहीत.'

समन्वयक म्हणजे मी. त्या शब्दाला माझी हरकत नाही. मसुद्याला कुटुंबाची संमती लागते. कागद जोडला आहे. १० जूनपर्यंत सही करून पाठवाल का? या वेळी मी आग्रह करत नाही.

रश्मी

*

सुपा,
१ जून २०२५

चि. रश्मी,
जयभीम.

कागद मिळाला. दोन वेळा वाचला, पंकजलाही वाचायला दिला. तो वाचून बाहेर गेला आणि अर्ध्या तासाने आला. म्हणाला, "मला बी म्हाईत हुतं पप्पा, वही तुमी लिवता. मला वाटलं मम्मी सांगती आन तुमी लिवता." मी त्याला म्हटलं, तसंच सगळ्यांना वाटलं.

तुझं काम गेलं याचं मला वाईट वाटतं. तू लिहिलंस ते बरं केलंस, एवढं म्हणतो. त्यापुढे अजून माझ्याने म्हणवत नाही. तुझ्या आईला सांग की दिवाळीला मी कोल्हारला येईन, घरात घेतलं तर.

मसुद्यात एक शब्द मी पेनाने खोडला आहे. 'काळजीवाहक' असं लिहिलंय. तो शब्द वाचून मला तेच झालं जे ती पानं बघून झालं होतं. काळजी कोणी वाहिली असेल तर शेजारणीने, आणि तिने वहीला हात लावला नाही. वकिलाला सांग की हा शब्द चालणार नाही. 'कुटुंबीय' आणि 'नातेवाईक' हेही नको. त्या जागी मी 'नवऱ्याने' लिहिलं आहे आणि त्याच्यापुढे 'तिला न विचारता' हे तीन शब्द घातले आहेत. प्रत्येक दुरुस्तीशेजारी सही केली आहे.

रुग्णाचं नाव गुप्त ठेवायचा तुमचा नियम आहे, तो पाळा. माझ्या नावासाठी असा नियम कागदावर कुठे सापडला नाही. विचारलं तर सांगा की मी स्वतः लिहून दिलंय, आणि ते नाव पूर्ण छापा.

भीमराज अजिनाथ शिरसाठ